रोगाचा गाडा

आमच्या आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूचा, विश्वास फक्त दोघींवर. एक शिवेवरची मरीआई आणि दुसरी गोठ्यातली तांबडी गाय. बाकीचं जग लबाड. डेअरीवाला माप मारतो, एस्टीचा कंडक्टर सुट्टे दाबतो, डॉक्टर पाण्याचं इंजेक्शन टोचतो आणि सून साखर खाते. साखरेचं म्हणाल तर थोडं खरं होतं. बाकीच्यांचं मी कशाला सांगू?

बायडाबाई त्यांचं नाव. आमची वस्ती घोडेगावच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठी. ओढा ओलांडला की गाव बदलतं, तीच शिव. अलीकडं आमचं दोन एकर रान, पलीकडं लंकाबाईचा एकच तुकडा. लंकाबाईला मागंपुढं कुणी नाही, ती आणि तिची म्हैस. दोघी म्हाताऱ्या ओढ्याच्या दोन काठांवरून ओरडून बोलायच्या, आणि बोलणं काय तर, "माजी कोंबडी तुज्या रानात आली व्हती का गं? आन् आली व्हती तर परत का न्हाई आली?"

आदल्या साली मक्यावर करपा पडला होता. पानांवर आधी बोटभर लांब राखाडी चट्टे उठले, मग चट्ट्याला चट्टा मिळाला आणि श्रावण सरायच्या आत अख्खं रान भाजून निघालं. तसली वैरण गाय नुसती हुंगायची आणि मान फिरवायची. दूध आटलं. दोनांतली एक गाय दिवाळीनंतर चाकणच्या बाजारात गेली. टेम्पोत चढताना ती हंबरली तशा आत्याबाई गोठ्यात जाऊन शेणातच बसल्या आणि मोठ्यानं रडल्या. राहिलेल्या तांबडीच्या गळ्यात हात घालून म्हणाल्या, "तुला न्हाई जाऊ द्यायची. माजी कातडी इकीन पर तुला न्हाई." औंदा परत मका करपला तर तांबडीही चाकणची वाट धरणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. एका तांबडीला सोडून.

आणि नेमकी जेठात वस्तीवर जीप आली.

जीपमधून एक बाई उतरली. पँट, डोक्याला टोपी, पायात बूट. ह्या पेठकर मॅडम. पुण्याकडच्या कुठल्या संशोधन केंद्रात मक्याच्या नव्या जाती काढायचं काम करायच्या. करप्याला दाद न देणारा मका काढायचा, आणि तो आमच्यासारख्या चिमूटभर रानाच्या माणसाला परवडावा, दर साली बी विकत घ्यायला लागू नये, असा त्यांचा खटाटोप होता. त्यासाठी त्यांना एका हंगामापुरतं वीस गुंठे रान पाहिजे होतं. बी त्यांचं, खत त्यांचं, कणसं त्यांची. मेहनत आमची आणि वैरणही आमची.

आत्याबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी बाईला पायापासून टोपीपर्यंत बघून घेतलं.

"लगीन झालंय?"

"झालंय की."

"मंग मंगळसूत्र कुठंय?"

"रानात पानांना अडकतं आजी, म्हणून घरी काढून ठेवते."

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. ती नजर मला पाठ होती. हिचं पहिलंच उत्तर खोटं, असा तिचा अर्थ.

"आन् आमचंच रान का? एवढी दुनिया पडलीया."

"तुमच्याकडं गेल्या वर्षी करपा जास्त होता म्हणून."

"गिधाडं बी अशीच येत्यात," आत्याबाई शेंग फोडत म्हणाल्या. "कुणाचं मेलंय त्ये बघून."

मॅडमचा चेहरा पडला. माझे मालक, गोकुळ, मध्ये पडले. "आये, गप की जरा. वैरण आपल्याला मिळतीया न्हवं? तांबडीला?"

तांबडीचं नाव काढल्यावर म्हातारी गप बसली. पण शेंगा मात्र अशा फोडायला लागली की दाणे अंगणात उडाले.

मी माहेरची खोडदची. तिथल्या आमच्या रानाला लागून रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या उभ्या राहताना मी बघितल्यात, आणि त्या काळात लोक काय काय बरळायचे तेही ऐकलंय. त्यामुळं रानात कुणी काही नवं उभं केलं तर मी लगेच घाबरत नाही. पण मॅडमची पेरणी बघून मीसुद्धा चक्रावले. आधी त्यांनी चारी बाजूंनी आणि मधून मधून आमच्याच जुन्या मक्याच्या ओळी पेरून घेतल्या. तो वर आल्यावर मग मधल्या मोकळ्या जागेत नव्या बियांच्या ओळी, प्रत्येक ओळीचं पाकीट वेगळं, प्रत्येक ओळीला खुंटी वेगळी.

"मॅडम, ह्यो जुना मका तर करपतो," मी म्हटलं.

"करपू दे की," त्या हसल्या आणि मालकांकडं बघितलं. मालकांनी घाईघाईनं मला पाटी आणायला पिटाळलं. मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती.

आषाढात खुरपणीला आम्ही दोघी सासू-सुना. मक्याचं पान दिसायला मऊ, पण धार विळ्याची. हात, मान, गाल, सगळीकडं चिरे पडायचे आणि घाम लागला की आग आग व्हायची. आत्याबाई दोन ओळींमधून बसत बसत सरकायच्या आणि प्रत्येक खुंटीला एक टोला हाणायच्या. "ही खुंटी कशाला? ही चिट्टी कशाला? मका काय साळंत जातोय?"

मका गुडघाभर झाल्यावर एका ढगाळ दुपारी मॅडम एक गोणपाटाची पिशवी घेऊन आल्या. आत तपकिरी भुकटी. जुन्या मक्याच्या प्रत्येक रोपाच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, तिची चिमूट टाकायची, मागून पंपानं पाण्याचा फवारा मारायचा. मॅडम पंपाच्या मागं, मी भुकटी टाकायला.

"कसलं औषध वो?" मी मालकांना हळूच विचारलं.

"टॉनिक हाय. टाक तू."

तेवढ्यात आत्याबाई चहाची किटली घेऊन आल्या. किटली बांधावर ठेवली आणि सरळ पिशवीत हात घातला. भुकटी चोळली, हुंगली. मग आतून न चुरलेला पानाचा एक तुकडा काढला. त्याच्यावर लांबुळका राखाडी चट्टा होता. गेल्या साली त्यांनी असल्याच पानांचे भारे वाहिले होते, जाळले होते. त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"शीले," त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "हात धू."

मॅडमसमोर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. जीप गेली आणि अंगणात तोफ सुटली.

"गोकुळ्या! रोग हाय त्यो! आपल्याच गेल्या सालचा रोग परत आपल्याच रानात! आन् माज्या सुनंच्या हातानं!"

मालक खाली मान घालून उभे. मामंजींना, म्हणजे सासऱ्यांना, ऐकायला कमी यायचं, ते गोठ्यातून विचारत होते, "कोण मेलं? कोण मेलं?"

"आये, मॅडमनं मला आदीच सांगितलं व्हतं," मालक म्हणाले. "रोग आणल्याबिगर कुठला मका टिकतो त्ये कळतच न्हाई. जुन्या मक्यावर रोग धरायचा, त्यो बाकीच्या वळींवर पसरू द्यायचा. ज्यो हिरवा ऱ्हाईल त्यो खरा."

"मंग मला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर रान दिलं असतंस?"

"न्हाईच!"

"मंग झालं तर."

"काय झालं? चोराला बोलवून घरात घ्यायचं आन् कुलूप चांगलं का म्हणून बघत बसायचं? ही कुठली अक्कल? आरं, रोग बी हेच आणणार आन् औषध बी हेच इकणार. टीव्हीत बघ, इंजेक्शन देऊन देऊन बायका मारत्यात शिरेलीत!"

खरं सांगते, मलाही रात्रभर हातांना वास येत होता. मॅडम चांगल्या वाटायच्या. पण चांगलं वाटणारं माणूसच फसवतं, नाही तर फसवणार कोण?

श्रावण लागला आणि जुन्या मक्याच्या पानांवर चट्टे उठले. त्या मंगळवारी मालक घोडेगावला पेंड आणायला गेले होते. आत्याबाईंनी डोक्यावरून अंघोळ केली, परडीत हिरवा खण, बांगड्या, लिंबू, दहीभात घेतला आणि मला म्हणाल्या, "चल. गाडा काढायचाय."

त्यांच्या लहानपणी पटकी आली, देवी आल्या, की गाव मरीआईचा गाडा काढायचं. लाकडाचा लहानसा गाडा, त्यात देवीची ओटी, नैवेद्य. हलगी वाजवत सगळं गाव तो शिवेपर्यंत न्यायचं आणि पलीकडं ठेवून मागं न बघता परत यायचं. पुढचं गाव तो तसाच पुढच्या शिवेवर पोचवायचं. रोग असा गावागावातून निघून जायचा, कुठं जायचा ते कुणी विचारत नव्हतं.

आत्याबाईंनी कमरेला पदर खोचला आणि ओढ्याकडची जुन्या मक्याची ओळ मुळासकट उपटायला लागल्या. मी बघत उभी. त्यांनी उपटलेल्या रोपांचा भारा बांधला, त्याला हळदीकुंकू लावलं, खणानं गुंडाळलं आणि डोक्यावर घेतला. ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. पलीकडं लंकाबाईच्या रानाच्या कोपऱ्यात भारा ठेवला, वर नैवेद्य.

"आत्या, हितं लंकाबाईचा मका हाय," मी म्हटलं.

"शिवंपल्याड ठिवायचा आसतो. ती ढकलील म्होरं."

"तिच्या म्होरं कोण?"

"त्ये तिनं बघावं. आन् मागं बघू नगंस, चल."

मी मागं बघितलं नाही. पण कोपऱ्यातला तो कोवळा, गर्द हिरवा मका मला आधीच दिसला होता.

मॅडम आल्या आणि उपटलेली ओळ बघून मटकन बांधावर बसल्या.

"डुकरं आली व्हती," मालक म्हणाले.

"डुकरांनी एकच ओळ नेली? सरळ रेषेत?" मॅडमचे डोळे भरले होते. "ओढ्याच्या बाजूला रोग धरलाच नाही तर तिकडची कुठली ओळ टिकते हे मला कळणार कसं? पाच वर्षं झाली ह्याच्यावर, गोकुळभाऊ."

आत्याबाईंनी मला कोपर मारलं. "बघ. रोग गेला म्हणून रडतीया. आता बोल!"

मॅडमना रडायचं काही कारण उरलं नाही. झिमझिम पाऊस बसला, डोंगरावरून धुकं खाली उतरलं ते आठवडाभर हललं नाही, आणि राहिलेल्या ओळींवरून करपा सगळीकडं पसरला. एकेक ओळ खालून वर जळत गेली. आत्याबाई रोज सकाळी रानात जायच्या आणि परत येऊन तांबडीपाशी उभ्या राहायच्या. पण पोळा जवळ आला तरी मधल्या चार ओळी जळेनात. आजूबाजूला राख आणि त्या आपल्या हिरव्याच. पानावर बारीक ठिपका उठायचा आणि तिथंच थांबायचा.

मॅडम त्या ओळींतून लहान मुलीसारख्या फिरल्या. मग त्यांनी तुऱ्यांवर आणि कणसांवर कागदाच्या पिशव्या चढवायला सुरुवात केली.

"ह्ये आन् काय?" आत्याबाई.

"दुसऱ्या मक्याच्या तुऱ्यातलं पीठ ह्या कणसावर पडू नये म्हणून, आजी. ह्याचं बी शुद्ध पाहिजे. ह्याची आई इथल्याच डोंगरातली गावठी आहे, बाप बाहेरचा."

"म्हंजी मक्याला बी पडदा! इनामदारणीवानी!" आत्याबाई म्हणाल्या, पण जाता जाता त्यांनी हिरव्या ओळीतलं एक पान चोळून बघितलं. हुंगलंही.

त्या पांढऱ्या पिशव्या ओढ्यापलीकडून दिसायच्या. आणि ओढ्यापलीकडं लंकाबाईचा मका करपला होता.

एके सकाळी दहा-पंधरा माणसं ओढा ओलांडून आली. पुढं गेणभाऊ. पलीकडच्या गावात कुठंही भांडण असलं की हा माणूस न बोलावता जायचा. त्याच्या हातात विळा होता, मागच्या दोघातिघांच्याही. सगळ्यात मागं लंकाबाई. मॅडम पिशव्या बांधत होत्या.

"ह्यीच ती पिशव्यावाली," गेणभाऊ ओरडला. "बाई, खरं बोला. रोग तुमी आणला का न्हाई?"

मॅडम खरं बोलल्या. शहाण्या माणसानं तिथं तरी बोलू नये. "आणला. पण ह्या रानापुरता. तो बघायचा होता..."

"ऐका! कबूल झाली! आरं, बघायला रोग आणत्यात! चला रं, कापा समदं!"

विळे हिरव्या ओळींकडं वळले. मालक आडवे झाले, त्यांना कुणी ढकललं आणि ते चिखलात पडले. आत्याबाई त्या ओळींच्या पुढं हात पसरून उभ्या राहिल्या. लुगडं भिजलेलं होतं.

"माज्या वैरणीला हात लावायचा न्हाई! माजी तांबडी ह्याच्यावर जगायचीया!"

"आन् माजी म्हस काय खाईल गं, बायडे?" मागून लंकाबाई म्हणाली.

ती ओरडली नव्हती. आयुष्यभर ओढ्यापलीकडून ओरडणारी बाई इतक्या जवळून हळू बोलली.

"पार समदं गेलं बघ," लंकाबाई म्हणाली. "कोपऱ्यात कुणी करणीचं गाठुडं टाकलंय. खण, कुंकू, लिंबू. मी भ्याले, हात न्हाई लावला. तितूनच करपत आलाय. ह्याच बाईनं टाकलं आसंल."

मॅडम गोंधळून बघत होत्या. "कसलं गाठोडं?"

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांना गप बसता आलं असतं. गेणभाऊ मॅडमच्या मागं लागला असता, मॅडम जीपमध्ये बसून निघून गेल्या असत्या, आणि गावात म्हातारीचं नाव कुणी घेतलं नसतं.

"तिनं न्हाई टाकलं," आत्याबाई म्हणाल्या. "मी टाकलं."

"तू?"

"करणी न्हवं गं. गाडा व्हता. मरीआईचा. तू म्होरं ढकलशील म्हणलं."

लंकाबाईनं तोंडावर पदर धरला. मग काढला. "कुठं ढकलू बायडे? गाडा गाव ढकलतं. माज्यामागं कोण हाय?"

आत्याबाईंनी पसरलेले हात खाली घेतले. त्या सगळ्यांमधून वाट काढत ओढ्यात उतरल्या. पलीकडच्या कोपऱ्यात तो भारा तसाच पडला होता. कुजलेला, खणाचा रंग उतरलेला, आत गांडुळं. त्यांनी तो उचलला, डोक्यावर घेतला. काळं पाणी त्यांच्या कपाळावरून, गालावरून ओघळत होतं. माणसं घाबरून बाजूला सरकली. गेणभाऊचा विळा कधी मागं गेला ते त्यालाही कळलं नसेल.

"आगं, गाडा कुणी माघारी आणतं व्हय?" कुणीतरी पुटपुटलं.

"मी आणते," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी भारा आमच्या जळालेल्या ओळींमध्ये आणून टाकला. "माजा रोग माज्या रानात. आन् गेणभाऊ, तुजं काय नुकसान झालंय? तुज्या रानात तर ऊस हाय. जा घरी."

गेले. लंकाबाईही गेली, मागं न बघता.

मॅडमनी स्वतःच्या हातांनी आत्याबाईंचं तोंड पुसलं. "चुकलं माझं, आजी. मी फक्त गोकुळभाऊंना सांगितलं. तुम्हाला सांगायला पाहिजे होतं, पलीकडच्यांनाही."

"म्होरल्या बारीला सांग," आत्याबाई म्हणाल्या. "आन् मंगळसूत्र घालून ये." भारा मात्र मॅडमनी त्याच दिवशी खड्डा घेऊन पुरायला लावला.

नवरात्रात मॅडम कणसं काढून घेऊन गेल्या. कणसं वाळली होती तरी धाटं अजून हिरवी. असलं मी कधी बघितलं नव्हतं. तांबडीपुढं पहिली पेंडी टाकली तेव्हा तिनं हुंगली, थांबली, आणि मग मान वर न करता खाल्ली. आत्याबाई भिंतीला टेकून ते बघत राहिल्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्या मला सांगत होत्या की धुरानं होतंय. चूल विझलेली होती.

मग उठल्या आणि हिरव्या चार ओळींतल्या दोन ओळींची वैरण बाजूला काढली. दोन ओळींत तांबडीचं निम्मंच निघणार होतं, बाकीचं आम्हाला बांधावरचं गवत कापून भागवावं लागणार होतं. आत्याबाईंनी दोन भारे बांधले, एक त्यांनी घेतला, एक मी, आणि ओढा ओलांडून आम्ही लंकाबाईच्या दारात गेलो.

लंकाबाई उंबऱ्यात बसली होती. म्हशीच्या फासळ्या मोजता आल्या असत्या. हिरवं दिसल्याबरोबर म्हशीनं दाव्याला हिसका दिला.

"म्हशीला आणलंय," आत्याबाई म्हणाल्या.

लंकाबाई उठून भाऱ्याच्या आणि म्हशीच्या मध्ये उभी राहिली. "काय घातलंयस ह्यात?"

"काय न्हाई. मका हाय."

"त्या दिशी बी मकाच व्हता."

आत्याबाईंनी भाऱ्यातलं एक धाट ओढलं, जे काही चार दात राहिले होते त्यांनी सोललं, तुकडा मोडून चावला. हनुवटीवरून रस गळला. लंकाबाई त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघत होती.

"गिळ."

"गिळलं."

"बस हितं. लगीच कळत न्हाई."

"किती येळ?"

"मला पटंस्तवर."

म्हैस ओरडायला लागली होती. मी म्हणणार होते, आत्या, चला, घरी धार काढायचीय. पण आत्याबाई तोवर उंबऱ्याजवळ भुईवर बसल्या होत्या, लंकाबाईच्या समोर. त्यांनी भाऱ्यातलं दुसरं धाट आपणहून ओढून घेतलं आणि सोलायला लागल्या.